समुद्र दिसला, सुट्टी दिसली नाही

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना समुद्राचं भरतं येतं. कामाचा ताण विसरा, फोन बंद ठेवा, चार दिवस कुटुंबासोबत किनाऱ्यावर निवांत घालवा, ताजेतवाने होऊन परत या. सोबत फोटो असतो. नवरा वाळूत पाय पसरून बसलेला, मुलं लाटांत, आणि बाई हसत उभी. तिच्या हातात काय आहे ते फोटोत येत नाही. मी सांगते. डबा असतो, नाहीतर कुणाचा तरी टॉवेल.

मैत्रिणींनो, माझं भांडण विश्रांतीशी नाही. ती आपल्याला हवी आहे, इतरांपेक्षा जास्तच हवी आहे. माझं भांडण 'काम बंद' या दोन शब्दांशी आहे. कुणाचं काम बंद?

जालन्यात मस्तगडला आमच्या गटाची महिन्याची बैठक भरते. मस्तगड म्हणजे १७२५ साली बांधलेली गढी. आज तिच्या आजूबाजूला दाट वस्ती आहे. बैठकीला धुणंभांडी करणाऱ्या येतात, शिलाई मशीनवाल्या येतात, एक आशा कार्यकर्ती आहे, आणि 'मी काही करत नाही, घरीच असते' असं म्हणत दिवसाचे चौदा तास राबणाऱ्या दोघीतिघी आहेत. एप्रिलच्या बैठकीत मी विचारलं, "तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली?" आधी नुसता हशा. मग एकेक उत्तर यायला लागलं. "धाकट्याच्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेले होते, सव्वा महिना." तो धाकटा आता अकरावीला आहे. दुसरी म्हणाली, "टायफॉइड झाला तेव्हा पाच दिवस दवाखान्यात होते. हाताला सलाईन होतं, पण काय झोप लागली म्हणून सांगू ताई!" मग कोपऱ्यातून एक सत्तरीची आजी बोलली, "आम्हाला होती की सुट्टी. महिन्याला तीन दिवस. कावळा शिवायचा तेव्हा."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. विटाळाच्या विरोधात आपण शिबिरांतून किती बोललो! बोललो ते बरोबरच होतं. बाईला अपवित्र ठरवून कोपऱ्यात बसवणारी ती रीत मोडायलाच हवी होती. पण रीत मोडली तेव्हा त्या तीन दिवसांचं काय झालं, हे आपण पाहिलं का? बाई कोपऱ्यातून उठली आणि सरळ चुलीपाशी गेली. अपमान गेला, त्याच्याबरोबर विसावाही गेला. हक्काचा विसावा आपण तिथे आणून ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही. आजीच्या त्या एका वाक्यानं मला हे सुनावलं.

या बैठकीनंतर तीन आठवड्यांनी मी स्वतः समुद्रावर गेले. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूसासरे, दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगा, अशी नऊ माणसं. अलिबाग तालुक्यातलं नागाव. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्याकडच्या मध्यमवर्गाला कोकण जवळ वाटायला लागलंय. गाडी ठरली, खोल्या ठरल्या, सगळं पुरुषांनी फोनवरून ठरवलं. त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं.

पण निघायची तारीख ठरवली ती पाण्यानं. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी घरात कुणी नसेल तर पुढचे कितीतरी दिवस कोरडे. म्हणून नवऱ्यानं काढलेली तारीख मी पुढे ढकलली, आणि तरीही मधला एक पाण्याचा दिवस आमच्या सहलीत येतच होता. तो कुणी सांभाळला? आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी. किल्ली त्यांच्याकडे दिली. त्यांनी टाकी भरली, पिंप भरले, तुळशीला पाणी घातलं. माझी सुट्टी त्यांच्या खांद्यावर उभी होती. आणि आपल्या घरांतली रीत काय आहे? 'आम्ही गावाला गेलो ते चार दिवस सोडून पगार.' आम्ही मजा करायला जायचं आणि त्यांचा खाडा धरायचा! मी तो धरला नाही, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. याआधीच्या वर्षांत मी तो धरलेला आहे, हेही सांगायला हवं.

आता त्या चार दिवसांविषयी. निघायच्या आदल्या दिवशी मी आणि जाऊबाईंनी पन्नासेक दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या पुड्या दिवसवार बांधल्या, मुलांचे कपडे भरले, नवऱ्यांचे भरले, शेवटी स्वतःचे भरले. गाडीत सगळ्यात मागच्या सीटवर पिशव्यांच्या मधे आम्ही दोघी, कारण उलटी झाली, भूक लागली, पाणी हवं झालं की हाक मागेच येणार. माझा नवरा चळवळीतल्या नवऱ्यांत मोडणारा समजूतदार माणूस आहे. शाळेत शिकवतो. नागाव येताच त्यानं मुख्याध्यापकांना कळवलं की चार दिवस फोन बंद, आणि बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला निवांतपणा म्हणतात. मला त्याचा राग आला नाही, हेवा वाटला.

किनाऱ्यावर गेल्यावर एक गोष्ट दिसली, आणि एकदा दिसल्यावर मग तीच दिसत राहिली. किनारभर ठरावीक अंतरावर चपलांचे ढीग होते. प्रत्येक ढिगाशेजारी एक बाई बसलेली. मांडीवर सगळ्यांची पाकिटं, मोबाइल, घड्याळं, टॉवेल. नजर पाण्यातल्या मुलांवर. तिचं तोंड समुद्राकडेच होतं, पण ती समुद्र पाहत नव्हती, मुलांची डोकी मोजत होती. तुम्ही पुढच्या वेळी कुठल्याही किनाऱ्यावर गेलात की मोजा. चपला राखणारा पुरुष मला चार दिवसांत एकच दिसला, त्याच्या पायाला प्लास्टर होतं.

बाईनं पाण्यात जायचं ठरवलं तरी प्रश्न संपत नाहीत. साडी भिजली की अंगाला चिकटते आणि वाळूतल्या पोरांचे मोबाइल वर होतात. कपडे बदलायला आडोसा नाही. लघवीला जायचं तर खोलीपर्यंत चालत जायचं, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. हाफपँट घालून समुद्रात शिरणाऱ्याला हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि आपण सांगत नाही.

सासूबाईंचं वय अडुसष्ट. समुद्र पहिल्यांदाच पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी मी चपला तशाच सोडल्या आणि त्यांचा हात धरून गुडघाभर पाण्यात नेलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् कुणीच भरून ठेवलेलं नाही."

आम्ही उतरलो होतो तिथली घरमालकीण पहाटे पाचला उठायची. नारळ खवायचे, सोलकढी, भाकऱ्या, माशांची साफसफाई, आमच्या नऊ माणसांचं, वरच्या मजल्यावरच्या सहा जणांचं. रात्री अकराला तिची भांडी वाजत असायची. मी तिच्या ओट्यापाशी जाऊन विचारलं, तुम्ही कुठे जाता फिरायला? ती म्हणाली, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं तेव्हा माहेरी, जमलं तर. तिच्या दारात समुद्र आहे. मे महिन्यात तिनं तो शेवटचा कधी पाहिला, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. कोकणात पर्यटन वाढलं; सिंधुदुर्ग तर १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. बायकांच्या हाती पैसा आला म्हणतात, तो काही प्रमाणात आलाही. पण घरगुती जेवण, घरगुती राहणं, या 'घरगुती'ची किंमत बिलात कुठे लावलेली असते? आम्ही दोघींनी चार दिवस चूल पेटवली नाही. आमच्या वाटची चूल तिनं पेटवली.

यावर लोक म्हणतील, घर म्हणजे काय कारखाना आहे का? बाई हौसेनं करते. बरं, मग कारखान्याचीच गोष्ट घेऊ. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी केलेल्या लढ्यामुळे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा झाली, आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. तेव्हाही मालक म्हणतच होते की कामगारांना सुट्टी नकोच आहे. पुढे १९४८च्या कारखाना कायद्यानं आठवड्याची सुट्टी आणि पगारी रजा पक्की केली. महाराष्ट्रातल्या दुकानं-आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, शिवाय दर वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा. यातलं काहीच आकाशातून पडलेलं नाही. भांडून घेतलेलं आहे. पण रविवार मिळाला तेव्हा गिरणीतल्या त्या बायांनी रविवारी काय केलं असेल? आठवड्याचं धुणं. पुरुषाचा रविवार हा बाईचा जास्तीच्या स्वयंपाकाचा दिवस, हे तेव्हापासून चालत आलंय. सहल म्हणजे चार दिवसांचा रविवार.

सरकारचीच आकडेवारी आहे. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८. तेच २०१९ला २९९ आणि ९७ होतं. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली!

हल्ली एक नवी मागणी ऐकू येते. कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली आणि पुन्हा २०२५ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. मागणी योग्य आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण ज्यांना साहेब आहे त्यांच्यापुरती ती आहे. आमच्या गटातल्या आशाताईंचं काय? सरकारी कागदावर त्या स्वयंसेविका. मोबदला कामागणिक, म्हणून रजेचा प्रश्नच नाही. पण बाळंतिणीला रात्री दोनला कळा आल्या तर फोन त्यांनाच, आणि माहितीचा तक्ता भरून पाठवायचा तोही आजच. स्वयंसेविका म्हणे! मोलकरणींसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला, त्यातून कल्याण मंडळ आलं. मंडळ अर्थसाहाय्य देतं, पगारी रजेचा हक्क देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११च्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती द्या असं लिहिलंय. भारतानं त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. आणि आपण, घरात मोलकरीण ठेवणाऱ्या कार्यकर्त्या? पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तेव्हा सुट्टी ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. इतक्या वर्षांनीही ती मागणी आपल्याच स्वयंपाकघरात अडकून पडलेली आहे.

आमच्या जिल्ह्यात, घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. तिथे सुट्टीला शब्द आहे 'खाडा', आणि खाड्याला दंड आहे. पाळी असो, ताप असो, पाचवा महिना असो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेली माहिती आठवा: ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. कारणं अनेक आहेत; दवाखान्यांचा नफा आहे, भीती घालणं आहे, स्वच्छतेची सोय नसणं आहे. पण एक कारण या बायांनी वारंवार सांगितलंय, पाळीमुळे पडणारा खाडा. महिन्याचे दोन दिवस बसता येत नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा. विश्रांती ही चैन आहे असं म्हणणाऱ्या माझ्या डाव्या मित्रांनी यावर जरा विचार करावा. 'पोटाला नाही तिथे समुद्र कसला?' असं ते मला म्हणालेले आहेत. लोखंड्यांचे गिरणी कामगार पोटभर जेवून सुट्टी मागायला गेले नव्हते.

दुसरा आक्षेप घरातला. 'आम्ही काम वाटून घ्यायला तयार आहोत, तिलाच दुसऱ्याच्या हातचं चालत नाही.' यात थोडं खरं आहे, आणि ते आपण कबूल केलं पाहिजे. माझ्या नवऱ्यानं भरलेली बॅग मी पुन्हा उघडून भरली होती. पण ही खोड आली कुठून? मुलाचा स्वेटर राहिला तर बापाला कुणी विचारत नाही. आईला सासूपासून बालवाडीच्या बाईंपर्यंत सगळे विचारतात. जबाबदारी माझी आणि काम त्याचं, अशी वाटणी होणार नाही. जबाबदारीच द्यायला हवी, राहिलेल्या स्वेटरसकट.

आइसलँडच्या बायकांनी १९७५ साली हे करून दाखवलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. २४ ऑक्टोबरला देशातल्या नव्वद टक्के बायकांनी नोकरी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, सगळं सोडलं. संप म्हटलं तर काहीजणी बिचकतील, म्हणून नाव ठेवलं 'बायकांची सुट्टी'. बाप मुलांना घेऊन कचेऱ्यांत गेले, आणि दुकानांतले पटकन शिजणारे सॉसेज संपले. देश एका दिवसात ओळखू येईना. २०२३ साली त्यांनी पुन्हा तेच केलं, त्या वेळच्या पंतप्रधानबाईही त्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. छोटा देश आहे, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढीही वस्ती नाही, हे मला ठाऊक आहे. पण सुट्टी आणि संप यांत फार अंतर नसतं, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी लिहायची की नाही यावर मी बरेच दिवस घातले.

नागावला नवऱ्याचा फोन बंद होता, माझा चालू होता. आपण तो बंद करत नाही. आपलं काम म्हणजे नोकरी नव्हे, व्रत, असं आपण एकमेकींना शिकवलेलं आहे. दुसऱ्या रात्री नऊच्या सुमाराला मस्तगडच्या एका बाईचा फोन आला, दोनदा. मी सासऱ्यांना वाढत होते, आवाज कमी केलेला होता, कळलं नाही. पहाटे पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. तिचा नवरा दारू पिऊन मारतो, हे मला माहीत होतं. मी फोन लावला. ती शेजारणीकडे होती, सुखरूप होती, पण खांद्याला लागलं होतं. मी माफी मागायला लागले. ती म्हणाली, "ताई, तुम्ही फिरायला गेल्या होत्या तर फोन चालू कशाला ठेवला? बंद लागला असता तर मी लगेच शेजारी गेले असते. वाजत होता म्हणून वाट बघत बसले."

मैत्रिणींनो, मी समाजकार्यात एम.ए. केलंय, तेरा वर्षं हे काम करतेय, आणि ही गोष्ट मला तिनं शिकवली. मी तिला आधार देत नव्हते, आशेवर ठेवत होते. आपला अर्धवट चालू असलेला फोन धोक्याचा आहे. चोवीस तास एकाच बाईवर अवलंबून असलेली मदत म्हणजे मदतीचा अभाव. १८१ क्रमांक आहे, ११२ आहे, 'सखी' केंद्र आहे. त्यांच्यात हजार उणिवा असतील, त्यांवर आपण भांडूच. पण आपल्याच गटात दुसरीकडे फोन सोपवायची साधी व्यवस्था नसावी? आपण कार्यकर्त्यांच्या त्यागाचे सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. किती जणी पाठदुखी, साखर, रक्तदाब घेऊन घरी बसल्या, हे आपण मोजलेलं नाही. घरात आईकडून जे मागितलं जातं तेच आपण संघटनेत एकमेकींकडून मागतो, आणि त्याला बांधिलकी म्हणतो.

परत आल्यावर आम्ही मस्तगडच्या बैठकीत वहीत पानं आखली. दर आठवड्याला फोन कुणाकडे, ते नावानिशी. जिची पाळी नाही तिनं रात्री फोन बंद ठेवायचा, ही सूचना नव्हे, ठराव आहे. त्या बाईचा क्रमांक आता पाच जणींकडे आहे आणि शेजारणीचाही आहे. घरकाम करणाऱ्या आठ जणींनी मिळून आपापल्या घरमालकिणींना सांगितलं, महिन्याला दोन खाडे भरपगारी आणि तुम्ही गावाला गेलात तरी पगार पूर्ण. पाच जणींना होकार मिळाला. दोघींना 'बघू' मिळालं. एकीचं काम सुटलं, तिच्यासाठी दुसरं घर शोधणं चालू आहे. नकार देणारी बाई आमच्या संघटनेच्या कार्यक्रमांना येते.

आणि घरकामाचं? त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. महिन्यातून एक दिवस चूल बंद, या सूचनेवर दोघी म्हणाल्या, मार खावा लागेल. खरं आहे. तेव्हा ठरलं की तो दिवस एकटीनं घ्यायचा नाही, सगळ्या गल्लीनं एकाच दिवशी घ्यायचा. पहिला दिवस आषाढातला ठरलाय. कुठे जायचं हे ठरलेलं नाही. मोती तलावावर बसायचं असं एक मत आहे. सत्तरीच्या आजी म्हणतात, कुठे जायचं नाही, घरीच अंथरूण टाकून झोपायचं, आणि कुणी उठवलं तर उठायचं नाही.